गंजात उरलेली म्यानं



आज मी तुमच्यापुढे युरोपातल्या मध्ययुगाच्या पहिल्या टप्प्यातल्या, म्हणजे साधारण इसवी सन ४०० ते ११०० या काळातल्या तलवारींच्या म्यानांबद्दल बोलणार आहे. तलवारींबद्दल नाही, म्यानांबद्दल. हे आधीच सांगतो, कारण त्या काळावरची पुस्तकं तलवारींनी भरलेली आहेत आणि म्यानाला त्यांत एखादा परिच्छेद मिळाला तरी पुष्कळ. संग्रहालयात जा. काचेआड पातं असतं, मूठ असते, पाटीवर ‘तलवार’ असं लिहिलेलं असतं. म्यान कुठे आहे? कुणी विचारतही नाही.

त्या काळच्या माणसांना मात्र हा प्रश्न पडला असता. ऱ्हाईन नदीकाठच्या फ्रँक लोकांचा सातव्या शतकातला एक कायदा आहे, रिपुआरियन कायदा. खुनाची भरपाई रोकड देता येत नसेल, तर ती वस्तूंच्या रूपात कशी द्यायची, याचे दर त्यात बांधून दिलेले आहेत. सॉलिडस हे सोन्याचं नाणं. धडधाकट बैल दोन सॉलिडस. शिरस्त्राण सहा. म्यानासकट तलवार सात. आणि म्यानाविना तलवार? तीन.

करा वजाबाकी. नुसत्या म्यानाचे चार सॉलिडस झाले, म्हणजे दोन बैल. त्यात पट्ट्याचा आणि साजाचा खर्च धरला असेल असं मानलं, तरी पात्यापेक्षा पात्याचं घर महाग होतं, आणि हे कुणा कवीचं बोलणं नाही, सरकारी दरपत्रक आहे. एवढी मोलाची वस्तू आपल्या नजरेतून निसटली कशी? आणि निसटली, तरी ती आज पुन्हा कशी सापडते आहे? माझं सगळं बोलणं या दोन प्रश्नांभोवती फिरणार आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मातीत आहे. म्यान लाकूड, चामडं आणि लोकर यांचं. तिन्ही कुजणारी. चौदाशे वर्षं जमिनीत राहिल्यावर उरणार काय? बहुतेक ठिकाणी काहीच नाही. पण माती सगळीकडे सारखी नसते. उत्तर जर्मनीतलं थोर्सबर्ग आणि डेन्मार्कमधलं न्यूडाम या दोन दलदली आपल्या काळाच्या थोड्या आधीच्या, रोमन काळाच्या उत्तरार्धातल्या. दोन्ही ठिकाणी हरलेल्या सैन्याची शस्त्रं पाण्यात अर्पण केली होती. दोन्ही ठिकाणी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, एंगेलहार्ट नावाच्या एकाच संशोधकाने खोदकाम केलं. आणि निघालं काय? थोर्सबर्गचं पाणी आम्लधर्मी, त्याने लोखंड जवळजवळ सगळं गिळलं, पण कापडं राखली. तिथे तलवारीचं पातं गेलं आणि म्यानाच्या टोकाची काशाची टोपी राहिली, तीही रून लिपीतला मजकूर कोरलेली, इसवी सन २०० च्या सुमाराची. रून लिपीचा इतका जुना लेख क्वचितच मिळतो. न्यूडामच्या चिखलाने उलट लोखंडही टिकवलं आणि लाकूडही. काय उरावं, काय जावं, हे ठरवणारी ही माती. आपण ज्याला पुरावा म्हणतो तो तिने आपल्यापुरता राखून ठेवलेला वाटा असतो.

इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात, कॉपरगेट या रस्त्यालगत, १९७६ ते १९८१ या काळात मोठं उत्खनन झालं. व्हायकिंग वस्तीचे थर तिथे ओल्या, हवाबंद चिखलात होते. त्यामुळे चामड्याची आवरणं निघाली, टाके घातल्याची भोकं दिसावीत इतकी चांगली. शिवण मागच्या बाजूला, अंगाकडे येणारी. दर्शनी बाजू सलग, देखणी. हे कारागीर आपल्या गिऱ्हाइकाची नजर ओळखून होते.

पण चिखलाची भाग्यवान ठिकाणं मोजकी. बाकीच्या शेकडो तलवारी कोरड्या, झिरपणाऱ्या मातीतल्या कबरींतून निघाल्या आहेत आणि त्यांवर चामडं नाही, लाकूड नाही, फक्त गंज आहे. आता मी तुम्हाला जे सांगणार आहे ते या विषयातलं मला सर्वांत विलक्षण वाटणारं सत्य आहे. त्या गंजातच म्यान आहे.

ते कसं? तलवार म्यानासकट पुरलेली असते. ओल लागली की लोखंड गंजू लागतं आणि लोहाचे क्षार पाण्याबरोबर सभोवार झिरपतात. पात्याला चिकटून काय आहे? म्यानाची आतली बाजू. एकीकडे लाकूड कुजतं आहे, दुसरीकडे लोखंड गंजतं आहे, दोघांची शर्यत लागलेली. लोखंडाचा वेग जास्त पडला, तर लाकडाची पेशी कुजून नाहीशी होण्याआधी क्षार तिच्यात जाऊन बसतात. मग मूळ लाकूड संपतं आणि साच्यात ओतलेल्या गणपतीसारखा त्याचा हुबेहूब आकार लोहाच्या संयुगात उरतो. लोकरीचा एकेक केस असाच उरतो. कधी केसाच्या जागी केसाएवढी पोकळी उरते आणि भोवतीचा गंज तिचा ठसा धरून राहतो.

हा गंज स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की दिसतं ते पाहून माणूस थक्क होतो. केसावरची खवल्यांची नक्षी दिसते आणि त्यावरून मेंढीची लोकर की गुराचे केस हे ओळखता येतं. लाकडातल्या नळ्यांची मांडणी दिसते आणि त्यावरून झाड ओळखता येतं. चौदाशे वर्षांपूर्वीचं, कुजून गेलेलं झाड. विलो आणि पॉप्लर ही हलकी, मऊ लाकडं वारंवार दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली या दोघांत फरक करणं कठीण, म्हणून अभ्यासक त्यांची नोंद जोडीनेच करतात. एस्थर कॅमेरन या संशोधिकेने इंग्लंडमधल्या इसवी सन ४०० ते ११०० या काळातल्या म्यानांचा असाच तुकड्या-तुकड्याने अभ्यास केला आणि २००० साली तो ग्रंथरूपाने आला. आपल्याला आज जे थोडंफार कळतं त्यातलं पुष्कळसं अशा चिकाटीच्या कामातून आलेलं आहे. सोन्याचा खजिना सापडल्यावर वर्तमानपत्रांत बातमी येते. गंजाच्या नखाएवढ्या खपलीत मेंढीची लोकर सापडली, याची बातमी कोण छापणार? पण म्यानाचा इतिहास त्या खपलीत आहे.

एक कबर जवळून पाहू. इंग्लंडच्या मध्यभागी डर्बीशायरमधलं रेप्टन. व्हायकिंगांच्या मोठ्या सैन्याने ८७३-७४ चा हिवाळा तिथे तळ ठोकून काढला. मार्टिन बिडल आणि बिर्टे क्यूल्बाय-बिडल या दांपत्याने १९७४ पासून तिथे बरीच वर्षं उत्खनन केलं. त्यात ५११ क्रमांकाची कबर निघाली. पुरुष, वय पस्तीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान, अंगावर जीवघेण्या जखमा. गळ्यात थोर देवाच्या हातोड्याचा लहानसा चांदीचा ताईत. दोन मांड्यांमध्ये रानडुकराचा सुळा ठेवलेला. आणि डाव्या कुशीला तलवार, म्यानात. त्या म्यानाचं काय उरलं होतं? गंजात धरलेले थर. आत लोकर, मग लाकूड, वर चामडं. घाव घालून मारलेल्या त्या माणसाची तलवार त्याच्या माणसांनी व्यवस्थित म्यानात घालून, जिवंतपणी ती जिथे लटकायची त्याच बाजूला ठेवली होती. नुसतं पातं पाहून यातलं काय कळलं असतं?

इथे थोडं विषयांतर करतो, पण ते करायलाच हवं. एकोणिसाव्या शतकातल्या पुष्कळ खोदकाम करणाऱ्यांना चकाकतं पातं हवं होतं. त्यांनी गंज खरवडला, आम्लात बुडवला, आणि म्यानाचा एकमेव पुरावा नाल्यात सोडून दिला. त्या तलवारींची म्यानं आता कुणालाही कधीही कळणार नाहीत. हे मी इथे, महाराष्ट्रात, मुद्दाम बोलतो आहे. आपल्याकडे घरोघर जुनी शस्त्रं आहेत. खंडेनवमीला ती खाली काढली जातात, पूजली जातात, आणि पूजेआधी पॉलिश पेपरने घासली जातात. जुनं म्यान फाटलं म्हणून फेकतात आणि नवी मखमल चढवतात. भावना खरी आहे, मला तिचा आदर आहे. पण हात जोडून सांगतो, म्यान फेकू नका आणि गंज घासण्याआधी एखाद्या जाणत्या संवर्धकाला दाखवा. तो मळ वाटत असेल, पण त्यात काय धरलेलं आहे हे अजून कुणी पाहिलेलं नाही.

आता म्यान बनायचं कसं? दोन पातळ लाकडी फळ्या. पात्याच्या मापाच्या, आतून जराशा कोरलेल्या. सुमारे पाऊण मीटर लांबीचं पातं बसायचं, तेही सैल नाही आणि गच्चही नाही. गच्च बसलं तर ऐन वेळी निघणार नाही, सैल बसलं तर घोड्यावरून पडेल. म्हणून आत लोकर. मेंढीचं केसाळ कातडं, केस पात्याकडे. दोन कामं एकाच वेळी: केस दबून पातं धरून ठेवतात, आणि लोकरीतला नैसर्गिक चिकट स्नेह लोखंडाला ओलीपासून वाचवतो. वरून चामडं. ओलं असताना ताणून चढवलं की वाळताना आवळतं आणि दोन्ही फळ्या एकजीव होतात. तोंडाशी काही ठिकाणी विणलेल्या फितीची गुंडाळी, श्रीमंताच्या म्यानाला तोंडावर धातूची पट्टी, टोकाला धातूची टोपी.

यात किती हात आले ते मोजा. सुतार, धनगर, चामडं कमावणारा, ते शिवणारा, फीत विणणारी बाई, सोनार, कासार. लोहाराचं नाव मी अजून घेतलेलंच नाही! आपल्याकडेही पात्याला धार लावणारा शिकलगार वेगळा आणि चामड्याचं काम करणारा जिनगर वेगळा. वीराच्या कथेत यांपैकी फार तर लोहाराला जागा मिळते. त्या सातपैकी चार सॉलिडस ज्यांच्या कष्टाचे, ते बाकीचे सगळे कथेबाहेर. मला म्यानाचा अभ्यास महत्त्वाचा वाटतो तो प्रामुख्याने यासाठी. गंजातली लोकर त्या माणसांना परत कथेत आणते.

तलवार अंगावर कशी वागवायची, हा पुढचा प्रश्न. आणि तो दिसतो तेवढा सोपा नाही. म्यानाला पट्टा कुठे जोडायचा, किती ठिकाणी जोडायचा, कमरेला की खांद्यावरून? पट्टा कुजतो, बकल उरतं. कबरीत बकल कुठे पडलं होतं, याच्या नोंदीवरून उत्तर शोधावं लागतं.

इंग्लंडमधल्या सटन हू इथे १९३९ साली, ईडिथ प्रिटी या बाईंच्या जमिनीवर, बॅझिल ब्राऊन यांनी एक टेकाड खोदलं आणि सत्तावीस मीटर लांबीच्या जहाजाचा मातीतला ठसा निघाला. फळ्या कुजून गेलेल्या, खिळे रांगेत जागच्या जागी. मधोमध सातव्या शतकातल्या राजाचा ऐवज. तलवारीचं पातं म्यानातच गंजून एकजीव झालेलं, ते आजही तसंच आहे. म्यानाचं लाकूड-चामडं गेलं, पण त्यावरची दोन गोल बटणं राहिली, सोन्याच्या घरांत लाल गार्नेट बसवलेली, मध्ये क्रूसाची आकृती. शिवाय पट्ट्याला ओवायचे दोन छोटे पिरॅमिड, खाली चामड्याची वादी जाईल अशी फट. यांनी मूठ म्यानाला बांधून ठेवायचे की म्यान पट्ट्याला, यावर अजून वाद आहे. ब्रिटिश म्युझियममधल्या स्यू ब्रनिंग यांनी या तलवारीच्या मुठीवरचं सोनं कुठे झिजलं आहे ते बारकाईने तपासलं. म्यानातल्या तलवारीच्या मुठीवर माणूस चालता-बोलता हात टेकतो, त्या टेकण्याने सोनं झिजतं. झीज ज्या बाजूला आहे, त्यावरून तलवार उजव्या कमरेला लटकत असावी, म्हणजे मालक डावखुरा असावा, असा त्यांचा निष्कर्ष. राजाचं नाव आपण खात्रीने सांगू शकत नाही, पण तो कोणता हात वापरायचा याचा माग लागतो. लढाईतून नाही, म्यानात तलवार असतानाच्या निवांत वेळेतून.

पुढे आठव्या-नवव्या शतकात, फ्रँकांचा राजा शार्लमेन आणि त्याच्या वारसांच्या राज्यात, पट्ट्याची नवी पद्धत आली. एका ठिकाणी तीन पट्टे एकत्र आणणारा त्रिदळ आकाराचा धातूचा तुकडा वापरात आला. दक्षिण टायरॉलमधल्या माल्स गावच्या सेंट बेनेडिक्टच्या लहानशा चर्चमध्ये सुमारे इसवी सन ८०० चं एक भित्तिचित्र आहे. त्यात एक जमीनदार म्यानबंद तलवार दोन्ही हातांनी पुढे धरून उभा आहे आणि पट्टा म्यानाभोवती गुंडाळलेला आहे. मातीत सुटे सापडणारे तुकडे एकत्र कसे दिसत असतील, हे अशा चित्रांमुळे कळतं. आणि ते त्रिदळ तुकडे व्हायकिंगांनी उत्तरेला नेले. तिथे त्यांचं काय झालं? बायकांनी ते छातीवर शाल अडकवायला लावले. पुढे त्या आकाराच्या पिना तिथेच घडू लागल्या. योद्ध्याच्या कमरेचा साज स्त्रीचा दागिना झाला.

गार्नेटचा उल्लेख आला, त्यावर जरा थांबतो, कारण तिथे आपला खरा धागा आहे. बेल्जियममधल्या तूर्ने गावी १६५३ साली फ्रँकांचा राजा शिल्डेरिक याची कबर सापडली. तो ४८१-८२ च्या सुमारास वारला. त्याच्या तलवारीची मूठ आणि म्यानाचा साज सोन्यात जडवलेल्या लाल गार्नेटने झगमगत होता. १८३१ साली पॅरिसच्या ग्रंथालयातून हा ऐवज चोरीला गेला आणि बराचसा वितळवला गेला. तलवारीच्या साजाचा काही भाग मात्र वाचला. आता प्रश्न असा, की एवढा लाल दगड आला कुठून? पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयाखालच्या कणत्वरकाने अशा फ्रँकिश दागिन्यांतल्या दगडांची रासायनिक तपासणी झाली. कलिगारो, पेरँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं, की पाचव्या-सहाव्या शतकातली बरीच गार्नेटं भारत आणि श्रीलंकेकडची आहेत. त्यात राजस्थान आलं. सातव्या शतकात हा पुरवठा आटला आणि बोहेमियातले बारीक दगड वापरात आले.

गार्नेट म्हणजे आपला तामडाच. समुद्र ओलांडून, हातोहात विकला जात, कागदासारख्या पातळ चकत्यांत कापला जाऊन, खाली नक्षी उठवलेला सोन्याचा वर्ख घालून, ऱ्हाईनपलीकडच्या सरदारांच्या म्यानांवर जाऊन बसला. खाणीतून तो काढणाऱ्याला आपला दगड कुठे चालला आहे याची कल्पनाही नसेल. त्या सरदारालाही भारत कुठे आहे हे ठाऊक नसेल. म्यानाच्या अभ्यासाने या दोघांची गाठ घालून दिली आहे.

काही म्यानं बोलतात, अक्षरशः. इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट बेटावर चेसेल डाउन इथे सहाव्या शतकातली एक तलवार निघाली. म्यानाच्या तोंडावरची पट्टी सुंदर कोरलेली, पण रून अक्षरं आहेत ती मागच्या बाजूला, अंगाकडे येणारी. जगाला दाखवायला नक्षी आणि स्वतःपुरते शब्द! त्या शब्दांच्या वाचनावर अजून एकमत नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंडमधल्या सेंट निनियन बेटावर, १९५८ साली, उत्खननाला मदत करणाऱ्या एका शाळकरी मुलाने क्रूस कोरलेली फुटकी शिळा उचलली. खाली लाकडी पेटीत चांदीच्या अठ्ठावीस वस्तू आणि एका जलचराच्या जबड्याचं हाड. इसवी सन ८०० च्या सुमाराचा हा ठेवा. त्यात म्यानाच्या टोकाच्या दोन चांदीच्या टोप्या. एकीवर एका अंगाला लॅटिनमध्ये परमेश्वराच्या नावाने सुरुवात आणि दुसऱ्या अंगाला बहुधा मालकाचं, त्याच्या बापाचं नाव. पातं नाही, म्यान नाही, नुसती टोपी. पण देवाचं नाव घालायला त्या माणसाने जागा निवडली ती म्यानाचं टोक.

याच्या उलट उदाहरण स्टॅफर्डशायरचं. २००९ साली हॅमरविच गावाजवळच्या शेतात अँग्लो-सॅक्सन सोन्याचा ठेवा सापडला. सुमारे चार किलो सोनं, तुकडे जवळपास ४,६००. त्यात तलवारीच्या मुठींची टोकं सत्तरच्या वर. पाती? एकही नाही. म्यानाचा साजही अगदी थोडा, पिरॅमिड आणि बटणं एवढाच. मुठींवरचं सोनं उपसून काढलं आणि उरलेली तलवार कुठे गेली? पात्यांना नव्या मुठी बसल्या का? म्यानं कुणा दुसऱ्याच्या कमरेला गेली का? नव्या मुठीचं पातं जुन्या म्यानात जाऊ शकतं, यात अवघड काही नाही. म्हणजे आपण आज जिला एक तलवार म्हणतो, ती अनेकदा वेगवेगळ्या वयाच्या भागांची जुळणी असते. व्हिएन्नाच्या राजकोशातली पवित्र रोमन साम्राज्याची तलवार ११९८ मध्ये जर्मनीचा राजा झालेल्या चौथ्या ओटोच्या काळातली, पण तिचं ऑलिव्हच्या लाकडाचं, चौदा राजांच्या सोनेरी प्रतिमांनी मढवलेलं म्यान अकराव्या शतकातलं. तलवारीपेक्षा म्यान वयाने मोठं.

शेवटी मातीतून बाहेर येऊन एका कागदाकडे वळतो. दहाव्या शतकाच्या मध्यात इंग्लंडमध्ये एल्फगार नावाचा एक मोठा सरदार होता. त्याचं मृत्युपत्र आज उपलब्ध आहे. राजा एडमंडने त्याला एक तलवार दिली होती. तिची किंमत त्याने सोन्यात नोंदवली आहे, १२० मँकस, आणि पुढे वेगळी नोंद आहे: म्यानावर चार पौंड चांदी. त्या काळच्या हिशेबाने चार पौंड म्हणजे ९६० पेन्या. ही तलवार, म्यानासकट, त्याने आपल्या राजाला दिली. का दिली? आपलं मृत्युपत्र करण्याचा हक्क राजाने मान्य करावा म्हणून. जमिनी कुणाला, चर्चला किती, मुलींना काय, ही पुढची सगळी वाटणी त्या देण्यावर उभी होती.

एवढ्या वजनाची चांदी ल्यालेलं म्यान इंग्लंडच्या मातीतून निघाल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. एल्फगारचं म्यान मातीत गेलंच नसणार. ते राजाच्या खजिन्यात गेलं, तिथून आणखी कुणाला दिलं गेलं असेल, आणि कधीतरी त्याची चांदी मुशीत पडली असेल. कबरी आपल्याला दाखवतात ती पुरलेली म्यानं. हातोहात फिरलेली, मुलाला मिळालेली, गहाण पडलेली, मोडीत निघालेली म्यानं त्यांत नाहीत, आणि ती पुरलेल्यांपेक्षा संख्येने जास्तच असणार. त्यांचा शोध घ्यायचा तर मृत्युपत्रं, चर्चच्या याद्या आणि भिंतीवरची चित्रं वाचावी लागतील, आणि ती वाचणाऱ्याला गंजातला लोकरीचा केसही ओळखता यायला हवा.